फॉरेनअसिस्टन्स डॉट गव्ह : अमेरिकी मदतीचा हिशेब दाखवणारे संकेतस्थळ

अमेरिकी सरकार कोणत्या देशाला किती पैसे देते, हे कोणालाही विनामूल्य तपासता यावे यासाठी तेथील परराष्ट्र खाते फॉरेनअसिस्टन्स डॉट गव्ह हे संकेतस्थळ चालवते. त्यावर १९४६पासूनच्या नोंदी आहेत, त्यामुळे पीएल ४८० कायद्याखाली भारतात रेशनवर आलेल्या गव्हाच्या काळापासूनचा हिशेब त्यात चाळता येतो. २० जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी ही मदत नव्वद दिवसांसाठी स्थगित केली आणि पुढे परदेशी मदत वाटणारी यूएसएड ही सरकारी संस्थाच गुंडाळली गेली. तेव्हापासून दोन्ही बाजूंनी जे आकडे फेकले गेले, ते पडताळायला याहून चांगले साधन माझ्या पाहण्यात नाही.

२०२३च्या आर्थिक वर्षात ही मदत सुमारे ७२ अब्ज डॉलर, म्हणजे संघीय सरकारच्या एकूण खर्चाच्या जेमतेम १.२ टक्के होती. केएफएफ या अमेरिकी संशोधन संस्थेच्या पाहणीत मात्र हा वाटा किती असावा, याचे अमेरिकी नागरिकांनी दिलेले सरासरी उत्तर २६ टक्के होते. एवढी तफावत असताना ‘आपले पैसे बाहेर चालले’ ही ओरड लोकांना पटली, यात नवल नाही.

या संकेतस्थळाची खरी किंमत कळते ती ‘बांधील रक्कम’ आणि ‘प्रत्यक्ष अदा केलेली रक्कम’ या दोन रकान्यांमुळे. सरकारने करार करून जी रक्कम देण्याचे मान्य केले ती पहिल्यात आणि तिजोरीतून खरोखर बाहेर पडली ती दुसऱ्यात येते. कराराची कमाल मर्यादा या दोन्हींपेक्षा निराळी आणि बहुधा मोठी असते. खर्चकपातीसाठी नेमलेल्या ‘डोज’ विभागाने बचतीच्या याद्या प्रसिद्ध केल्या, तेव्हा अनेक ठिकाणी हीच कमाल मर्यादा बचत म्हणून धरली होती, आणि यूएसएडचा ६५.५ कोटी डॉलरचा एकच करार तर तीनदा मोजला गेला होता. हे दोन रकाने शेजारी ठेवून वाचण्याची सवय असलेल्या माणसाला असल्या बचतीविषयी लगेच शंका यावी.

भारतीय वाचकाला आठवत असेल तो ‘मतदान वाढवण्यासाठी भारताला २.१ कोटी डॉलर’ हा फेब्रुवारी २०२५मधला दावा. त्यावरून आपल्याकडे सत्ताधारी आणि विरोधक एकमेकांवर तुटून पडले. मात्र ‘इंडियन एक्सप्रेस’ने नोंदी तपासून ती रक्कम २०२२मध्ये बांगलादेशासाठी मंजूर झाल्याचे दाखवले. आपल्या अर्थ मंत्रालयाच्या २०२३-२४च्या वार्षिक अहवालात यूएसएडबरोबरचे ७५ कोटी डॉलरचे सात प्रकल्प नोंदले आहेत, आणि ते शेती, पाणी, आरोग्य, ऊर्जा अशा क्षेत्रांतले आहेत. आरोप करण्याआधी कोणी देशनिहाय नोंदी उघडल्या असत्या, तर निदान चर्चेचा सूर जरा खाली आला असता.

उणिवाही आहेत. ताज्या वर्षांचे आकडे अपुरे असतात. अमेरिकी आर्थिक वर्ष ऑक्टोबरमध्ये सुरू होते, हे विसरल्यास तुलना फसते. सुरक्षेच्या कारणाने काही ठिकाणी काम करणाऱ्या संस्थेचे नावच झाकलेले असते. त्याहून मोठी अडचण अशी की हे संकेतस्थळ म्हणजे शेवटी पासबुक आहे : पैसे कधी आणि कोणाच्या नावे गेले ते कळते, त्यातून काय उभे राहिले ते कळत नाही. मार्च २०२५मध्ये परराष्ट्रमंत्री रुबियो यांनी यूएसएडच्या ८३ टक्के योजना रद्द केल्याचे जाहीर केले, पण त्यांतल्या कोणत्या योजनेमुळे कोणता दवाखाना बंद पडला, हे या आकड्यांतून समजणार नाही. २००३पासून चालू असलेल्या एचआयव्हीविरोधी ‘पेपफार’ कार्यक्रमातील ४० कोटी डॉलरची प्रस्तावित कपात जुलै २०२५मध्ये सेनेटने वगळली, तीही औषधांवर जगणाऱ्या माणसांच्या काळजीने; रकान्यांतल्या आकड्यांनी तो निर्णय घडवला नाही.

नुसती चुणूक हवी असेल त्याने देशाचे पान पाहावे. लिहिण्या-बोलण्यासाठी वापरणार असाल, तर संपूर्ण माहितीची फाईल उतरवून घ्यावी, चलनवाढ वजा केलेले आकडे निवडावेत आणि वजा चिन्ह असलेल्या रकमांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण देऊ केलेला पैसा मागे घेतल्याच्या नोंदी तिथे सापडतात.