जँगोचं बिगिनर ट्यूटोरियल: साडेचार स्टार, अर्धा का कापला ते खाली

ओपन सोर्समधे (जिथे कोड सगळ्यांना खुला असतो) सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते चालवायचं कसं हे मात्र ज्याचं त्याने शोधायचं. गिटहबने (असा कोड जिथे ठेवतात ती साइट) २०१७ मधे सर्व्हे केला होता, त्यात ९३ टक्के लोकांनी सांगितलं की अर्धवट किंवा जुनं झालेलं डॉक्युमेंटेशन (डॉक्स, म्हणजे वापरायची लेखी माहिती) आमच्या बघण्यात येतं, आणि त्याच सर्व्हेत काँट्रिब्यूट करणाऱ्यांपैकी (प्रोजेक्टला हातभार लावणाऱ्यांपैकी) ६० टक्के म्हणाले की डॉक्सला आम्ही क्वचित हात लावतो किंवा लावतच नाही. म्हणजे बोंब सगळ्यांची, काम कोणाचंच नाही. म्हणून जिथे कोणीतरी खरंच बसून नवशिक्यासाठी लिहिलंय त्याचा रिव्ह्यू टाकावासा वाटला, नाहीतर आपण नुसत्या तक्रारीच लिहितो.

जँगो म्हणजे पायथन या प्रोग्रामिंग भाषेत वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क (तयार सांगाडा), २००५ पासून आहे. त्याच्या ऑफिशियल डॉक्समधे आठ भागांचं ट्यूटोरियल आहे ज्यात एक छोटं मतदान अॅप बनवायचं, प्रश्न, त्याचे पर्याय, मत दिलं की आकडा वाढतो, बस. पायथन थोडंफार येत असलं पाहिजे, अगदीच कोरी पाटी असेल तर आधी ते शिका आणि मग इकडे या.

आता आवडलेली गोष्ट. कमांड दिली की पुढे काय दिसेल ते लिहिलेलं असतं, आणि नुसतं सगळं नीट झालं तर काय दिसेल एवढंच नाही, बिघडलं तर काय दिसेल तेही. पहिल्या भागात सुरुवातीलाच व्हर्जन तपासायला सांगतात आणि लगेच खाली लिहितात की जँगो इन्स्टॉल नसेल तर 'नो मॉड्यूल नेम्ड जँगो' असा एरर येईल. पुढे सर्व्हर चालू केला की टर्मिनलमधे मायग्रेशन्स (डेटाबेसच्या रचनेतले बदल) बाकी आहेत म्हणून वॉर्निंग येते, नवा माणूस इथे हमखास घाबरतो की आपलं काहीतरी चुकलं, तर तिथेच एक ओळ आहे की सध्या याकडे दुर्लक्ष करा, डेटाबेसचं थोड्या वेळाने बघू. अजून थोडं पुढे पहिला व्ह्यू (पानावर काय दाखवायचं ते ठरवणारा कोड) लिहून झाला की सांगतात, एरर पेज आलं तर बघा तुम्ही पत्त्यात शेवटी पोल्स (अॅपचं नाव) लिहिलंय ना, नुसतं लोकलहोस्ट ८००० उघडलं असेल. ही ओळ घरी बसून सुचत नाही हो, लोक तिथेच अडकतात हे कोणीतरी बघितलेलं असणार.

दुसऱ्या भागात अजून एक मस्त जागा आहे. शेलमधे (एकेक ओळ टाइप करून लगेच चालवायची जागा) प्रश्न सेव्ह करायला लावतात, मग सगळे प्रश्न मागवायला लावतात, आणि उत्तर येतं 'क्वेश्चन ऑब्जेक्ट १'. यातून काही कळतं का, तर नाही, आणि ट्यूटोरियल स्वतःच म्हणतं थांबा, हे काही कामाचं नाही, मग मॉडेलमधे (डेटा कसा साठवायचा ते सांगणारा कोड) एक छोटी मेथड घालायला लावतं आणि परत तेच केलं की प्रश्नाचा खरा मजकूर दिसतो. आधीच ती मेथड घालून दिली असती तर आपण डोळे झाकून कॉपी केली असती आणि ती कशासाठी आहे हे कधीच कळलं नसतं.

आणि पाचवा भाग तर भारीच. दुसऱ्या भागात आपल्याकडून एक फंक्शन लिहून घेतात, प्रश्न अलीकडेच टाकलाय का ते सांगणारं. ते चालतं, आपण पुढे जातो. पाचव्या भागात कळतं की त्यात बग आहे, तारीख भविष्यातली असली तरी ते 'हो अलीकडचाच' म्हणतं. मग त्यावर टेस्ट (फंक्शन बरोबर चालतं का ते तपासणारा कोड) लिहायची, टेस्ट फेल होताना बघायची, फंक्शन दुरुस्त करायचं, टेस्ट पास. टेस्टिंग का करायचं यावर सुरुवातीला थोडं लेक्चर आहे, बाकी हातानेच कळतं.

याच्या उलट नमुना सांगतो, नाव घेत नाही. डेटा साफ करायचं एक टूल हवं होतं, रीडमीमधे (प्रोजेक्टची ओळख करून देणाऱ्या पहिल्या पानात) वर सुंदर लोगो, रंगीत बॅजेसची रांग, खाली इन्स्टॉलची एक ओळ आणि मग थेट 'अॅडव्हान्स्ड कॉन्फिगरेशन'. ती ओळ टाकली तर 'कमांड नॉट फाउंड'. उत्तर कुठे सापडलं, तर इश्यूजमधे (लोक आपल्या अडचणी टाकतात तिथे), एका बंद झालेल्या जुन्या चर्चेत, मेंटेनरने (प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याने) स्वतः दोन वाक्यात नीट समजावलेलं आणि खाली आभार मानणाऱ्यांची लाइन लागलेली. म्हणजे उत्तर माहीत आहे, लिहूनही झालंय, फक्त ते उचलून रीडमीमधे टाकायचं कोणाला सुचलं नाही. माझं तर मत आहे की कुठल्याही प्रोजेक्टला बिगिनर डॉक्स सुधारायचे असतील तर नवी झकपक साइट बनवायच्या आधी बंद झालेले इश्यूज वाचावेत, एकच प्रश्न परत परत दिसला की समजायचं पान कुठे फाटलंय. आणि रिलीजच्या आधी एखाद्याने कोऱ्या मशीनवर स्वतःचंच ट्यूटोरियल एकेक ओळ टाइप करून बघावं, कंटाळवाणं काम आहे पण दुसरा इलाज नाही, कारण मेंटेनरच्या लॅपटॉपवर सगळं आधीपासून बसवलेलं असतं, त्याला एरर येणार कुठून?

व्हर्जनचं पण जँगोने नीट सांभाळलंय. नेटवरचे जुने व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांचे हाल होतात ते यामुळेच की डेटाबेस बनवायची जुनी 'सिंकडीबी' कमांड मायग्रेशन्स आल्यावर गेली, मग २.० मधे पत्ते लिहायला 'पाथ' आलं आणि ४.० मधे जुनं 'यूआरएल' फंक्शन काढूनच टाकलं. ऑफिशियल डॉक्समधे प्रत्येक पानावर व्हर्जन बदलता येतं, आणि सपोर्ट संपलेल्या व्हर्जनचं पान उघडलं तर वरतीच इशारा येतो की हे व्हर्जन आता असुरक्षित आहे, नवीन घ्या. विंडोजवाल्यांसाठी कमांडचा वेगळा टॅब आहे, हे छोटं वाटतं पण बऱ्याच प्रोजेक्टमधे लिनक्स सोडून जगात काही नाहीच असं धरून चालतात.

आता अर्धा स्टार. चौथ्या भागात फॉर्म शिकवतात, ते ठीक, पण लगेच त्याच भागात आपण आत्ताच कष्टाने लिहिलेले व्ह्यूज खोडून जेनेरिक व्ह्यूज (जँगोचे आयते व्ह्यूज) वापरायला लावतात. कोड कमी होतो खरा, पण नवशिक्याला आधीचंच जेमतेम पचलेलं असतं आणि आता टेम्प्लेटचं (पानाच्या साच्याचं) नाव कुठून आलं, व्हेरिएबल कुठून आला काहीच दिसत नाही, सगळं आपोआप. हे अजून दोन भागांनंतर घेतलं असतं तरी चाललं असतं. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचं (प्रत्येक प्रोजेक्टच्या पायथन पॅकेजेससाठी वेगळी जागा) प्रकरण इन्स्टॉलच्या वेगळ्या पानावर आहे, जो थेट ट्यूटोरियल उघडतो त्याचं ते राहूनच जातं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे आठ भाग संपले तरी साधा युजर लॉगिन बनवलेला नसतो (अॅडमिनचं आयतं मिळतं ते वेगळं) आणि साइट सर्व्हरवर चढवायची कशी तेही नाही. दोन्हीची पानं डॉक्समधे आहेत, चांगली आहेत, पण ती रेफरन्सच्या भाषेत, तिथे कोणी हात धरून नेत नाही. आठव्या भागात डीबग टूलबार (चुका शोधायला मदत करणारी पट्टी) बसवायला शिकवतात, त्याऐवजी लॉगिन घेतलं असतं तर मी तरी जास्त खुश झालो असतो.

ट्यूटोरियल प्रत्येक गोष्ट समजावत बसत नाही अशी काहीजण तक्रार करतात, ती मला पटत नाही. जँगोच्या डॉक्समधे ट्यूटोरियल, हाऊ-टू, विषयवार माहिती आणि रेफरन्स असे चार कप्पे मुद्दाम वेगळे ठेवलेत, डॅनिएले प्रोसिडा यांनी डायटॅक्सिस नावाने हीच विभागणी मांडली आणि आता बरेच प्रोजेक्ट ती वापरतात. शिकताना कारणमीमांसा मधे आली की माणूस भरकटतो, ती नंतर वाचावी.

एक बोनस. आठ भागांनंतर स्वतः जँगोमधे काँट्रिब्यूट करायचं वेगळं ट्यूटोरियल आहे, त्यात एक काल्पनिक तिकीट (करायच्या कामाची नोंद) घेऊन टोस्ट बनवणारं फंक्शन जँगोमधे घालायला लावतात, फोर्क करण्यापासून (कोडची स्वतःची प्रत काढण्यापासून) टेस्ट आणि डॉक्स लिहिण्यापर्यंत सगळं. डॉक्स कोडच्याच रिपॉझिटरीत (कोड ठेवायच्या जागेत) असल्यामुळे स्पेलिंगची चूक दिसली तर तिकीट न काढता सरळ पुल रिक्वेस्ट (माझा बदल घ्या अशी विनंती) टाकता येते, पहिल्यांदा करणाऱ्याला यापेक्षा सोपं काम मिळणार नाही. फक्त पूर्ण टेस्ट सूट चालवायला बसलात तर वेळ हाताशी ठेवा, हजारो टेस्ट आहेत.