नारंगी रंगाखालचा ३०५

माझ्या १९६९ च्या शेवरोले कॅमारोच्या बॉनेटखाली ३५० घनइंचांचं नसून ३०५ घनइंचांचं इंजिन बसलंय, हे मला कळलं तेव्हा गाडी रस्त्यावर येऊन तीन आठवडे झाले होते आणि त्या इंजिनवर ४,२०० डॉलर गेले होते. राहतो मिशिगनमध्ये, मूळचा कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरात काकांचं इंजिनचे सिलिंडर बोअर करायचं दुकान होतं, शाळेच्या सुट्ट्या लोखंडाच्या किसात गेल्या. आपल्याला इंजिनात कोण फसवणार, असा माज होता. तो आधीच सांगून टाकतो.

गाडी घेतली तेव्हा तिच्यात इंजिनच नव्हतं. मूळचं ३०७ कुणीतरी कधीच काढून नेलेलं. गाडीच्या नंबराशी जुळणारं इंजिन गेलं की संग्राहकांकडची किंमत तशीही उतरते, मग दुसरं ३०७ शोधत बसण्यात अर्थ नव्हता. ३९६ चं बिग ब्लॉक, म्हणजे शेवरोलेच्या मोठ्या इंजिनांतलं (३०५, ३०७, ३५० ही सगळी स्मॉल ब्लॉक), महाग, शिवाय पुढच्या चाकांवर वजन वाढवतं. आजकाल बरेच जण एलएस, म्हणजे त्याच कंपनीचं नव्या पिढीचं इंजेक्शनवालं इंजिन बसवतात. मला कार्ब्युरेटरच हवा होता, हौसेला मोल नाही. उरलं ३५०. ते पहिल्यांदा आलं तेच १९६७ च्या कॅमारोत, आणि त्याचे सुटे भाग आजही कुठेही मिळतात. एकाकडून ६०० डॉलरला जुनं ३५० आणलं. त्याच्या जाहिरातीतल्या फोटोत मागच्या बाजूचा कास्टिंग नंबर, म्हणजे ब्लॉक ओततानाच उमटवलेला आकडा, स्वच्छ दिसत होता: ३९७००१०.

ते बांधायला एका मशीन शॉपला दिलं. दुकानदार गप्पिष्ट, भिंतीवर शर्यतींचे फोटो, कोपऱ्यात चांगलं होनिंग मशीन. अंदाजपत्रकात सगळं रीतसर होतं: ब्लॉक धुऊन तडे तपासणं, सिलिंडर ३० थाऊ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ) ओव्हरसाइज, क्रँक १० थाऊ ग्राइंड, नवे पिस्टन, रिंगा, बेअरिंगं, कॅम, टॅपेट. क्रँक धरून ठेवणारे मेन कॅप चार बोल्टचे. पावती मात्र हाताने लिहिलेली, त्यावर एवढंच: ‘शेवी (म्हणजे शेवरोले) स्मॉल ब्लॉक, एक नग’. मी ती घडी करून खिशात टाकली.

ऑक्टोबरात इंजिन दिलं. जानेवारीचा वायदा होता. मग क्रँकवाला आजारी पडला, मग पिस्टन येईनात, मग फोन उचलणं बंद. मशीन शॉपात उशीर होतोच, त्यात नवल नाही. पण ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या वुडवर्ड अव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची मिरवणूक असते, १९९५ पासून चालू आहे, आणि त्या गर्दीत या वर्षी आपली गाडी असणार असं मी ऑफिसात सगळ्यांना सांगून बसलो होतो. दुकानदारालाही सांगितलं होतं. हे त्याला सांगायला नको होतं.

जुलैत एका संध्याकाळी फोन आला. इंजिन तयार आहे, उद्या सकाळी न्या, जागा मोकळी करायचीय, रोख दिलेत तर दोनशे डॉलर कमी. सोबत इंजिन स्टँडवर चालतानाचा व्हिडिओ. आवाज असा की पोटात गुदगुल्या व्हाव्यात. त्या व्हिडिओतल्या इंजिनची व्हॉल्व्ह कव्हरं क्रोमची होती, माझ्या हातात आलेल्याची काळी. हे मला सप्टेंबरात दिसलं.

आलेलं इंजिन शेवरोलेच्या नारंगी रंगात न्हालेलं होतं. कास्टिंग नंबरावरसुद्धा रंग जाड बसलेला. बाहेरून ३०५ आणि ३५० एकाच साच्यातले वाटतात. दोन्हींचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल, ३.४८ इंच, फरक फक्त बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या व्यासाचा: ३५० चा ४ इंच, ३०५ चा ३.७३६. हेड बसलं की तो फरक झाकला जातो. १९७६ साली ३०५ आलं ते पेट्रोल वाचवायला. बोअर अरुंद असल्याने मोठ्या व्हॉल्व्हना त्यात मोकळा श्वास घेता येत नाही, म्हणून ताकदीसाठी इंजिन बांधणारा त्याच्या वाटेला जात नाही.

क्रूझला गाडी नेली. लोकांनी फोटो काढले. परतताना गरम इंजिनला ऑइल प्रेशरचा काटा खाली बसू लागला, आणि आठवडाभरात खालून ठोका सुरू झाला. ऑइल फिल्टर कापून उघडला तर कागदाच्या घड्यांत धातूची चमकी.

दुसऱ्या एका म्हाताऱ्या मशीनिस्टने हेड उतरवलं आणि न बोलता कॅलिपर माझ्या हातात दिलं. ३.७४. मी पुसून पुन्हा मोजलं. सिलिंडरच्या तोंडाशी नख अडकेल असा काठ होता. बोअर केलेल्या सिलिंडरला असा काठ राहूच शकत नाही. पिस्टनच्या माथ्यावर ओव्हरसाइजचा आकडा नाही. बेअरिंगचा वरचा करडा थर जाऊन खालचं तांबं उघडं पडलेलं, पाठीवर ‘०१०’ नाही, म्हणजे क्रँकला दगड लागलाच नव्हता. मेन कॅप दोन बोल्टचे. नंबरावरचा रंग खरवडला, तर तो ३०५ च्या यादीतला निघाला. बदल चुकून झाला म्हणायलाही वाव नव्हता, कारण ३०५ चा ब्लॉक ४.०३० इंचापर्यंत नेला तर सिलिंडरची भिंत फुटून पाण्यात जाईल. माझा ब्लॉक त्याने दुसऱ्या कुणाला तरी विकला असणार.

काकांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, “जोडायच्या आधी बघायला गेलतास का?” नव्हतो गेलो. त्यांच्या दुकानात जुनी बेअरिंगं आणि पिस्टन फडक्यात बांधून गिऱ्हाइकाच्या हातात दिल्याशिवाय बिल होत नसे. ते मी शेकडो वेळा पाहिलेलं.

तुम्ही इंजिन देणार असाल तर ब्लॉकवर एखाद्या आतल्या जागी पंचने ठोकून आपली खूण करा. कास्टिंग नंबर आणि उजव्या हेडच्या पुढे ब्लॉकवरच्या पट्टीवर ठोकलेला नंबर दुकानदाराकडून पावतीवर लिहून घ्या. ३९७००१० दिसला म्हणून चार बोल्ट समजू नका, त्या नंबरात दोन्ही येतात. ऑइल पॅन काढूनच कळतं. हेड बसायच्या आधी जा, बोअर स्वतः मोजा. शेवटचा हप्ता कार्डाने द्या. माझे २,७०० रोख गेले, त्यामुळे बँकेकडे तक्रारीची सोयच उरली नाही.

छोट्या दाव्यांच्या कोर्टात गेलो. मिशिगनमध्ये तिथे वकील चालत नाही, आपणच उभं राहायचं. न्यायाधीशांनी पावती मागितली. ‘शेवी स्मॉल ब्लॉक, एक नग.’ ३०५ हाही स्मॉल ब्लॉकच. फोटो जाहिरातीतला, दुकानात देतानाचा नाही. न केलेल्या बोअरिंगचे आणि ग्राइंडिंगचे पैसे परत मिळाले, ब्लॉकचे नाहीत.

तो ३०५ गॅरेजमध्ये पडून आहे. मध्यंतरी विकायला काढला. एकाने विचारलं, “३५० आहे ना?” मी त्याला कॅलिपर लावलेला फोटो पाठवला. पुन्हा त्याचा फोन आला नाही.