जनगणना की कुटुंब आरोग्य पाहणी?

भाचीला शिवाजी विद्यापीठात भूगोलाचा प्रकल्प करायचाय: कोल्हापूर जिल्ह्यात मुली कमी का? आकडे जनगणनेचे घ्यावेत की राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे (NFHS), यावर घोडं अडलंय.

पैसे दोन्हीकडे लागत नाहीत. बारकावा बघायचा तर जनगणनेला तोड नाही. शाहूवाडी आणि शिरोळ या तालुक्यांची गावागावांत तुलना करता येते. २००१ मध्ये जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या, तेही लिंगनिदानाविरुद्ध १९९४ चा कायदा असताना. फक्त एकूण लोकसंख्येतलं स्त्री-पुरुष प्रमाण घेऊ नकोस गं, ते स्थलांतरानं फसवतं. शेजारच्या रत्नागिरीत २०११ मध्ये हजार पुरुषांमागे ११२२ बायका दिसतात, कारण बाप्ये मुंबईत!

जनगणनेचा मोठा दोष म्हणजे शिळेपणा, आकडे २०११ चे, २०२१ ची वेळेवर झालीच नाही. पाहणी २०१९-२१ मध्येही झाली. शिक्षण, लग्नाचं वय, मुलग्याची हौस, म्हणजे कारणं तिथं सापडतात. पण ती निवडक घरांची; एका जिल्ह्यातले जन्म थोडे, म्हणून जन्मावेळचं प्रमाण डळमळतं. तालुका तर विसराच.

नकाशा काढायचा असेल तर जनगणना घे. ‘का’ विचारायचं असेल तर पाहणी, पण जिल्ह्यापेक्षा राज्याचे तक्ते वापर.