टॉमकॅट 10.1 : एका हंगामाच्या वापरानंतरचा अनुभव

कळमना बाजारातील संत्र्याच्या अडत्यांसाठी आम्ही नागपुरात बनवलेली हिशेबपट्टीची प्रणाली आंबिया बहाराच्या (संत्र्याच्या एका हंगामाच्या) आधी टॉमकॅट या जावातील वेब प्रोग्रॅम चालवणाऱ्या सर्व्हरच्या आवृत्ती 9 वरून 10.1 वर नेली आणि पूर्ण हंगाम तिथेच चालवली. लहान चमूला हा सर्व्हर पुरेसा आहे, असे माझे मत झाले आहे. मात्र त्याची मूळ मूल्ये (आपण काही न ठरवल्यास लागू होणारी) जशीच्या तशी ठेवून भागत नाही.

स्थलांतरात मुख्य काम 'जावाएक्स' ऐवजी 'जकार्ता' हे पॅकेजनाव (जावातील कोडच्या गटाचे नाव) सगळीकडे बदलण्याचे आणि जुन्या लायब्ररींच्या नव्या आवृत्त्या शोधण्याचे. सर्व्हलेटची (वेबवरून आलेल्या विनंतीला उत्तर देणाऱ्या जावा घटकाची) नोंद आम्ही अ‍ॅनोटेशनने (कोडमध्येच लिहिलेल्या खुणेने) न करता वेब.एक्सएमएल या मांडणीच्या फाइलमध्येच ठेवली, कारण कोणता पत्ता कोणत्या सर्व्हलेटकडे जातो हे नव्या माणसालाही एकाच ठिकाणी वाचता येते.

सर्वांत मोठे समाधान देवनागरीचे. यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइटचे असते. टॉमकॅट 9 मध्ये वेगळी सूचना न दिल्यास पोस्टने (फॉर्म भरून पाठवण्याच्या पद्धतीने) आलेला मजकूर आयएसओ-8859-1 या प्रत्येक चिन्हाला एकच बाइट देणाऱ्या पद्धतीतला समजून वाचला जाई आणि काटोल-नरखेडच्या शेतकऱ्यांची नावे पट्टीवर निरर्थक खुणा होऊन उमटत. ते टाळण्यासाठी फिल्टर (विनंती प्रोग्रॅमकडे पोचण्याआधी चालणारा कोड) लावावा लागे. आता सर्व्हरच्या मुख्य वेब.एक्सएमएलमध्येच यूटीएफ-8 ठरवून दिलेले आहे. ज्याच्या मालाची पट्टी आहे त्याला स्वतःचे नाव नीट वाचता आले पाहिजे, म्हणून ही सुधारणा मला फार मोलाची वाटते.

डेटाबेसची जोडणी सर्व्हर.एक्सएमएलमध्ये ठेवून वॉर फाइलमध्ये (प्रोग्रॅमच्या एकत्र बांधलेल्या फाइलमध्ये) फक्त तिचा दुवा दिल्याने पासवर्ड प्रोग्रॅमबरोबर फिरत नाही. इथे एक आकडा आवर्जून तपासावा. सर्व्हर मूळ मूल्याने एका वेळी 200 थ्रेड (प्रत्येकी एक विनंती हाताळणारे) चालवू शकतो, पण डेटाबेसच्या तयार जोडण्यांच्या साठ्याची मूळ मर्यादा फक्त 8 आहे, आणि साठा संपल्यावर थ्रेड अमर्याद काळ थांबून राहतो. लिलाव आटोपल्यावर सगळे अडते एकदमच पट्ट्या काढतात, तेव्हा पडदा गोठल्यासारखा दिसतो आणि लॉगमध्ये एकही त्रुटी नसते. आम्ही मर्यादा वाढवली आणि थांबण्याला 10 सेकंदांची सीमा घातली.

नवी आवृत्ती चढवण्यासाठी 'पट्टी##002.वॉर' अशा नावाची सोय आहे. आधीच सुरू असलेल्या सत्रातील (लॉगिन करून काम करत असलेला) माणूस जुन्याच आवृत्तीवर काम पुरे करतो आणि नव्याने येणारा नव्या आवृत्तीवर जातो, त्यामुळे भर बाजारातही दुरुस्ती चढवता येते. आवृत्त्यांची तुलना अंक म्हणून न होता अक्षरक्रमाने होते, म्हणजे '11' ही '2' च्या आधीची ठरते. म्हणून अंकाआधीची शून्ये आवश्यक आहेत. जुनी आवृत्ती आपोआप उतरत नाही आणि मेमरी अडवून बसते. सर्व्हर.एक्सएमएलमधील होस्टच्या नोंदीत 'अनडिप्लॉय-ओल्ड-व्हर्जन्स' हा पर्याय चालू केला, की शेवटचे सत्र संपल्यावर ती काढून टाकली जाते.