तैवानचा इंग्रजी पेपर नाशिकच्या अकरावीच्या पोरांना दिला – जीईपीटी इंटरमीडिएटच्या सॅम्पल पेपरचा रिव्ह्यू

अकरावी-बारावीच्या मराठी मीडियमच्या पोरांना इंग्रजी ऐकून किती कळतं आणि वाचून किती कळतं, हे वेगवेगळं मोजायचं म्हटलं तर नाशकात धड काही मिळत नाही. कॉलेज रोड, गंगापूर रोड, जिकडे बघाल तिकडे आयईएलटीएसचे बोर्ड लागलेत, पण ती परीक्षा बाहेर शिकायला जाणाऱ्यांची. बोर्डाचं म्हणाल तर बारावीचं इंग्रजी ८० लेखी आणि २० तोंडी, लेखीत कानाला काम शून्य. पोरगं ८० पैकी ६५ आणतं आणि रेल्वे स्टेशनवरची इंग्रजी अनाउन्समेंट कळत नाही म्हणून हिंदीतली लागायची वाट बघतं.

मी इंदिरानगरला घरीच अकरावी-बारावीची इंग्रजीची बॅच घेते. पोरं सिडको, सातपूर, पाथर्डी फाट्याची, काही दिंडोरी-सिन्नरहून एसटीने येणारी. ह्यांच्यासाठी शोधता शोधता तैवानची जीईपीटी ही इंग्रजीची परीक्षा सापडली, तिच्या इंटरमीडिएट लेव्हलचे सॅम्पल पेपर मी वापरले, त्याचाच हा रिव्ह्यू. तैपेईमध्ये एलटीटीसी म्हणून भाषा शिकवणारी आणि परीक्षा घेणारी संस्था आहे, तिने तिथल्या शिक्षण मंत्रालयाच्या मदतीने ही परीक्षा बनवली, २००० साली सुरू झाली. एलिमेंटरीपासून सुपीरियरपर्यंत पाच लेव्हल आहेत, त्यातली इंटरमीडिएट म्हणजे साधारण तिथली हायस्कूल संपवलेली पोरं, आपल्या हिशोबाने बारावी. म्हणजे घरात-दारात चिनी बोलणारी, इंग्रजी फक्त शाळेत शिकलेली पोरं. आपली वेगळी काय आहेत? सॅम्पल पेपर आणि ऑडिओ त्यांच्या साइटवर फुकट आहेत. खरी परीक्षा तैवानात होते, तिचं सर्टिफिकेट आपल्याला काही कामाचं नाही, आपल्याला नुसता पेपर हवाय.

पेपर असा आहे. लिसनिंगचे ३५ प्रश्न साधारण ३० मिनिटांत, रीडिंगचे ३५ प्रश्न ४५ मिनिटांत. आधी जास्त प्रश्न असायचे, २०२१ ला पॅटर्न बदलून कमी केले, तेव्हा जुना पेपर डाउनलोड केलात तर आकडे जुळणार नाहीत, घाबरू नका. लिसनिंगमध्ये आधी चित्र बघून उत्तर, मग एखादा प्रश्न किंवा वाक्य ऐकून त्याला साजेसं उत्तर निवडायचं, मग दोघांचं बोलणं, शेवटी छोटं भाषण किंवा अनाउन्समेंट. रीडिंगमध्ये वाक्य पूर्ण करा, मग उताऱ्यातल्या गाळलेल्या जागा, मग उतारे. ह्या उताऱ्यांत नोटीस, ईमेल, जाहिरात असलं रोजचं बरंच असतं आणि मला हेच आवडलं. आयईएलटीएस अकॅडमिकच्या रीडिंगला तीन लांबच लांब उतारे आणि ६० मिनिटांत ४० प्रश्न, अकरावीच्या पोराला तो पेपर दिला की ते दुसऱ्या उताऱ्यावर पेन खाली ठेवतं आणि त्याला इंग्रजी येत नाही की दमलंय हेच आपल्याला कळत नाही.

आता खरी कामाची गोष्ट मार्कांची. जीईपीटीत लिसनिंग १२० चं, रीडिंग १२० चं. पास व्हायला दोन्ही मिळून १६० लागतात आणि शिवाय दोन्हीपैकी एकातही ७२ च्या खाली जायचं नाही. हा दुसरा नियम मला एकदम पटला. माझ्याकडे दिंडोरीकडची एक मुलगी आहे, वर्गात सगळ्यात हुशार, डिक्शनरी घेऊन बसणारी. तिला रीडिंगला ३५ पैकी २९ आले आणि लिसनिंगला १८. सरळ प्रमाणात काढलं तर ९९ आणि ६२, बेरीज १६१, म्हणजे बेरजेत पास आणि कानात नापास. (ऑफिशियल स्कोअर ते त्यांच्या पद्धतीने काढतात, मी आपलं त्रैराशिक केलं.) आणि तिच्याच शेजारी बसणारा सातपूरचा पोरगा, दिवसभर मोबाइलवर गेमिंगवाल्यांचे इंग्रजी व्हिडिओ बघणारा, त्याचं बरोब्बर उलटं, ऐकायला एकदम तयार आणि वाचताना प्रत्येक ओळीवर बोट. बोर्डाच्या मार्कांत ही मुलगी त्याच्या खूप पुढे आहे. दोघांना एकच क्लास, एकच वर्कबुक देऊन काय उपयोग, सांगा.

ह्याच्या आधी मी कॉलेज रोडच्या एका क्लासमध्ये बॅचमधल्या काही पोरांना "फ्री असेसमेंट"ला पाठवलं होतं. नाव लिहीत नाही, तिथे सगळ्यांची तीच तऱ्हा. कॉम्प्युटरवर टेस्ट झाली, शेवटी एक आकडा, खाली लाल अक्षरात "नीड्स इम्प्रूव्हमेंट" आणि त्याच्या खाली कोर्सची फी. लिसनिंगचे किती, रीडिंगचे किती विचारलं तर काउंटरवरची ताई म्हणाली, मॅडम ते ओव्हरऑल असतं. ओव्हरऑल काय करू मी घेऊन, लोणचं घालू?

१९८६ साली गॉफ आणि टनमर ह्या दोन संशोधकांनी मांडलेलं एक साधं सूत्र आहे, वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले ऐकून समजणं. बेरीज नाही, गुणाकार, म्हणजे एक बाजू शून्य झाली की सगळंच शून्य. ते मुळात वाचायला शिकणाऱ्या लहान मुलांच्या संदर्भात आहे, पण दोन्ही बाजू वेगळ्या मोजायच्या का, ते ह्यावरून चटकन कळतं. आपली पोरं आणि तैवानची पोरं दोघंही इंग्रजी डोळ्यांनी शिकलेली. तिथेही कॉलेज प्रवेशाच्या मुख्य परीक्षेच्या इंग्रजी पेपरात लिसनिंग नाही, त्यासाठी हायस्कूलच्या पोरांची वेगळी टेस्ट घेतात, ४० प्रश्न, ६० मिनिटं, वर्षातून दोनदा, आणि निकालात मार्क नाहीत, ए-बी-सी-एफ अशी ग्रेड. मेनलँड चीनमध्ये गाओकाओला, म्हणजे तिथल्या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेला, इंग्रजी १५० चं, त्यात लिसनिंग ३० चं, पहिले पाच छोटे संवाद एकदाच वाजतात आणि पुढचे दोनदा. आपल्या बोर्डाने एवढं जरी केलं तरी माझ्यासारख्यांचं निम्मं काम होईल.

आता पेपर कुठे आपल्याला बसत नाही ते सांगते, कारण हा काही आपल्यासाठी शिवलेला सदरा नाही. चिनी म्हणजे मँडरीनमध्ये शब्दाच्या शेवटी स्वर, नाहीतर न किंवा अनुस्वारासारखा ङ, फार तर र येतो, बाकी व्यंजनं येतच नाहीत. शिवाय क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही. म्हणून इंग्रजी शब्दाच्या शेवटचा ट, ड, स त्या पोरांच्या कानातून निसटतो आणि इंग्रजीचा भूतकाळ आणि अनेकवचन नेमकं त्या शेवटातच बसलेलं. त्यामुळे "वॉक" की "वॉक्ड", "बुक" की "बुक्स" असल्या जागी त्यांचा घाम निघतो. आपल्या पोरांना हे मार्क फुकटात. मराठीत शेवटी व्यंजन रोज येतं, काळ आणि वचन तर पाचवीला पुजलेलं. म्हणजे ह्या पेपरात आपलं पोरगं थोडं जास्त हुशार दिसू शकतं, मार्क बघताना हे डोक्यात ठेवा.

उलट आपली जी दुखणी आहेत ती ह्यात मुद्दाम शोधलेली नाहीत. "लिव्ह" आणि "लीव्ह" ह्यातला ऱ्हस्व-दीर्घ आपण लिहिताना पाळतो, पण बोलताना आणि ऐकताना कोण पाळतं? व आणि व्ह चा घोळ तर आहेच. आणि सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे इंग्रज लोक वाक्यातल्या एका शब्दावर जोर देतात आणि बाकीचे गिळून टाकतात, आपण मात्र सगळी अक्षरं सारख्या वजनाने म्हणतो. त्यामुळे "शुड हॅव" हे "शुडव" होऊन कानावर पडलं की पोरं एकमेकांकडे बघतात. हे मी स्वतः वेगळे दहा-बारा प्रश्न काढून जोडले, घरच्या घरी मोबाइलवर रेकॉर्ड करून. "अ", "अॅन", "द" ह्यांचं मात्र दोन्हीकडे सारखंच रडगाणं, चिनीतही नाहीत आणि मराठीतही नाहीत, तिथे पेपर अगदी फिट बसतो.

आवाज बहुतेक अमेरिकी धाटणीचे आहेत, स्वच्छ स्टुडिओतले, सावकाश. चांगलंच आहे म्हणा, पण आपल्या पोरांना पुढे जे इंग्रजी ऐकायचंय ते पुण्याच्या कॉलेजातल्या सरांचं, अंबड एमआयडीसीतल्या एचआरचं, ते ह्यात कुठून येणार.

सूचना सगळ्या चिनीत, तीही तैवानची ती भरगच्च पारंपरिक लिपी. पहिल्यांदा पेपर वाटला तेव्हा पोरं उलटा धरून बघायला लागली, एक जण म्हणाला मॅम फटाक्याच्या पॅकेटवर असतं तसं आहे. पण खरं सांगते, सूचना पोरांच्याच भाषेत द्यायच्या ही कल्पनाच मला सगळ्यात जास्त आवडली. परीक्षा इंग्रजी कळण्याची आहे ना, मग काय करायचंय हे न कळल्याने मार्क का जावेत? मी गुगल लेन्स मारून अर्थ लावला आणि पहिल्या पानावर मराठीत सूचना टाइप करून चिकटवल्या. चौकातल्या झेरॉक्सवाल्याला तेवढं सांगितलं की भाऊ, चिनी भाग झाकून काढ.

ऑडिओचं थोडं सविस्तर सांगते कारण अर्धा खेळ तिथेच आहे. टेस्ट मी श्रावणात घेतली आणि श्रावण म्हणजे नाशकात ढोल पथकांच्या प्रॅक्टिसचा सीझन. मागच्या ग्राउंडवर संध्याकाळी साडेसहाला सुरू झालं की खिडक्या थरथरतात, आणि नाशिक ढोलबद्दल मला अभिमानच आहे, पण दोन माणसांचं हळू आवाजातलं इंग्रजी संभाषण त्याच्यासमोर काय टिकणार! कोरियात कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेत इंग्रजी लिसनिंग चालू असताना अर्धा-पाऊण तास विमानांचं उतरणं-उडणं बंद ठेवतात. चीनमध्ये गाओकाओच्या दिवसांत केंद्राजवळ हॉर्न आणि बांधकाम बंद. हाँगकाँगचं तर अजून भारी, तिथे लिसनिंगचा पेपर रेडिओवरून प्रसारित करायचे आणि पोरं आपापला रेडिओ आणि इअरफोन घेऊन परीक्षेला बसायची. ते वाचून मीही सगळ्यांना ऑडिओ व्हॉट्सअॅपवर पाठवला, आपापले इअरफोन आणायला लावले, एक-दोन-तीन म्हणून एकदम प्ले. ब्लूटूथ स्पीकरवर आधी घेतलेल्या टेस्टपेक्षा मागच्या बाकावरच्यांचे मार्क चांगलेच वाढले. मागच्यांना इंग्रजी येत नव्हतं असं नाही, त्यांना ऐकूच येत नव्हतं. शाळेत जे लिसनिंग घेतात ते एकाच स्पीकरवर साठ पोरांना, त्याच्या मार्कांवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

एलटीटीसीची शब्दयादीपण मिळते, इंटरमीडिएटला ५००० च्या आसपास शब्द, ती पोरांना पाठ करायला देऊ नका, शिक्षकांनी आपल्याजवळ ठेवावी. उताऱ्यात एखादा शब्द अडला की तो लेव्हलचा आहे की बाहेरचा एवढं बघायला बरी.

कोणी वापरावा? सरळ सांगते, बारावीच्या मार्कांसाठी काहीही उपयोग नाही, पालकांनी त्या आशेने पोरांना बसवू नये. परदेशी जायचं पक्कं असेल तर शेवटी आयईएलटीएसचाच सराव करावा लागतो, तिथे ४० प्रश्न असतात, सवय वेगळी. पण अकरावीत आलेल्या पोराचा कान कुठे आहे आणि डोळा कुठे आहे हे एका दुपारी कळून घ्यायचं असेल तर फुकटात ह्याच्याइतकं नेमकं मला दुसरं मिळालं नाही. आठवी-नववीला इंटरमीडिएट जड जातो, त्यांना एलिमेंटरी द्या. स्टार द्यायचे तर पाचपैकी चार, एक कापला तो चिनी सूचना आणि अमेरिकी आवाजांसाठी.

ऑडिओ आधी स्वतः पूर्ण ऐका, मोबाइल फ्लाइट मोडवर टाकायला लावा नाहीतर मधेच कुणाच्या तरी आईचा फोन येतो, आणि चित्रांची पानं ब्लॅक अँड व्हाइटच काढा, कलरला उगाच पैसे जातात.