‘हॅड’ सुटला, अ‍ॅपॉस्ट्रॉफीने छळलं: इंग्रजीचे काळ शिकवणारं अ‍ॅप, सहा महिन्यांनंतर

परवा मेसेज आला की उद्या ऑटोपेमधून १,४९९ रुपये कापले जातील. सहा महिन्यांपूर्वी हाच प्लॅन ८९९ला घेतला होता. मॅन्डेट, म्हणजे पैसे आपोआप कापायला आपण दिलेली परवानगी, उघडून बघितलं तर कमाल मर्यादा २,००० रुपये! म्हणजे दर वाढवायला जागा पहिल्याच दिवशी करून ठेवलेली. पैसे भरताना ती ओळ कुणी वाचत नाही, तुम्ही वाचा. मॅन्डेट तिथल्या तिथे रद्द केलं. अ‍ॅपचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे. मराठीतून काळ शिकवणारी, ‘इंटरमिजिएट’ची पाटी लावलेली जी अ‍ॅप्स आहेत, त्यातलंच एक.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या व्यापाऱ्याकडे आहे. बाहेरच्या पार्ट्यांचे मेल माझ्याकडे. आमच्याकडे मेलमध्ये ‘हॅड’ मिठासारखा पडतो. ‘सोमवारी नमुना पाठवला होता’ हे मराठीत चोख, म्हणून मेलमध्येही ‘वुई हॅड सेंट द सॅम्पल ऑन मंडे’. वाचणारा तिकडे अडकतो. पाठवला होता, बरं, मग पुढे काय झालं? एका पार्टीने खरंच विचारलं होतं, पार्सल परत आलं का म्हणून.

या एका गोष्टीसाठी अ‍ॅपला पैकीच्या पैकी. नियम पाठ करून घेत नाहीत. आडवी रेघ दाखवतात, त्यावर दोन ठिपके. दोन्ही घडून गेलेले. त्यातला जो आधीचा, त्याला ‘हॅड’, म्हणजे पास्ट परफेक्ट. ठिपका एकच असेल तर साधा पास्ट: ‘वुई सेंट द सॅम्पल ऑन मंडे’, विषय संपला. मी त्या रेघेवर आपला २०१९चा पूर बसवून बघितला. ‘व्हेन द बोट केम, द वॉटर हॅड एंटर्ड द हाउस.’ पाणी आधी, बोट नंतर. ‘हॅड’ काढून नुसतं ‘एंटर्ड’ लिहा, की बोट आली आणि मग पाणी शिरलं असं वाचलं जातं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा, ४५ला धोका, आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७च्या वर गेलेलं. आधी काय झालं आणि मग काय, हे सांगलीकराला शिकवायला लागत नाही. फक्त ते इंग्रजीत कुठे दाखवायचं एवढंच हवं होतं.

बाकीचे धडे ठीक. ‘येस्टरडे’, ‘लास्ट वीक’ अशी ठरलेली वेळ आली की ‘हॅव सीन’ चालत नाही, ‘सॉ’च. ‘सिन्स टेन इयर्स’ नाही, ‘फॉर टेन इयर्स’. ‘इफ इट विल रेन’मधला ‘विल’ काढायचा. हे शाळेतही सांगतात, इथे सराव जास्त मिळतो.

आता मुख्य दुखणं. टाइप करायच्या प्रश्नांत ‘आय हॅव नॉट’ लिहिलं की बरोबर. ‘हॅवन्ट’ असं जोडून, अ‍ॅपॉस्ट्रॉफी देऊन लिहिलं की लाल फुली. खाली बरोबर उत्तर म्हणून काय दाखवतात? अक्षरन् अक्षर तेच! पास्ट परफेक्टची अख्खी परीक्षा मी यात घालवली. कस्टमर केअरला फोटो पाठवला, उत्तर आलं, ‘कृपया अ‍ॅप काढून पुन्हा इन्स्टॉल करा.’ केलं. फुली तशीच, वर सलग हजेरीचा आकडा शून्यावर. दुसऱ्यांदा लिहिलं, तर तेच उत्तर नव्या सहीने. आठशे नव्याण्णव रुपयांत निदान माणसाने वाचून उत्तर द्यावं की नाही?

इथवर लिहून झालं आणि पुतण्याने वाचलं, म्हणून थोडं बदलतो. माझा फोन म्हणजे त्याचाच जुना आयफोन. त्याचा कीबोर्ड अ‍ॅपॉस्ट्रॉफी वळणदार करून टाकतो आणि अ‍ॅपला सरळ उभी लागते. सेटिंग्जमध्ये जनरल, मग कीबोर्ड, तिथे स्मार्ट पंक्चुएशन बंद करायचं. केलं आणि फुल्या गेल्या. तुमचंही असं होत असेल तर एवढंच करा. पण म्हणून अ‍ॅप सुटलं असं नाही. दोन्ही खुणा एकच धरणं हे शिकवणाऱ्याचं काम. घरातल्या पोराला जे दोन मिनिटांत कळलं ते केअरवाल्यांना दोन तक्रारींत कळलं नाही.

आणखी एक राहिलं. ‘हॅव यू ईटन येट?’ लिहिलं की चूक आणि ‘डिड यू ईट येट?’ बरोबर. दुसरं अमेरिकेत सर्रास बोलतात, मान्य; पण पहिलं चूक कसं? आपण शाळेपासून तेच शिकलो, आणि आमच्या इंग्लंडच्या पार्टीचे मेलही तसेच येतात. हे मात्र कुठल्या सेटिंगने जात नाही.

रोज मेल लिहिणाऱ्याने पास्ट परफेक्टच्या धड्यापुरतं जरूर घ्यावं, महिन्याचा प्लॅन मिळाला तर महिन्याचाच. परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांनी घेऊ नये, बरोबर उत्तरालाही फुली बघून विश्वास उडेल. माझ्याकडून पाचपैकी तीन. अ‍ॅपॉस्ट्रॉफी नीट केली तर साडेतीन, जुन्या ८९९ला परत दिलं तर चार.