ट्रेनर, हलके गिअर की ई-बाईक? दुखापतीनंतर पुन्हा घाट चढताना

डॉक्टर म्हणतात, ‘आता सायकल चालवायला हरकत नाही.’ आपल्याला ऐकू येतं, ‘आता घाट चढायला हरकत नाही.’ माझं तरी तसंच झालं. गुडघ्याची वाटी फ्रॅक्चर होऊन चार महिने झाले होते, एक्स-रे स्वच्छ आला होता आणि डोक्यात शंभर किलोमीटरचा, दोन हजार मीटर चढाईचा जुना रस्ता घोळत होता.

परतीच्या वाटा मुख्यतः तीन: घरातला ट्रेनर (सायकल जखडून जागेवरच चालवायचं यंत्र), आपलीच सायकल पण हलके गिअर लावून, किंवा ई-बाईक, म्हणजे पेडलला मोटरची साथ असलेली सायकल. यांतलं चांगलं कोणतं, हा प्रश्न मी आधी चुकीच्या टोकाने धरला होता. पहिल्यांदा विचारायचं ते हे, की आपलं नेमकं काय अडतंय: चढावर पेडलला द्यावा लागणारा जोर, सलग चार-पाच तास सॅडलवर बसणं, की उतार? गुडघेवाल्यांचं बहुधा जोरावर अडतं, पाठवाल्यांचं सॅडलवरच्या तासांवर. कॉलरबोन मोडलेल्यांना चढ फारसा छळत नाही. उतारावर ब्रेक दाबताना शरीराचा भार हातांवर येतो तेव्हा खांदा बोलायला लागतो.

आणखी एक फसवी गोष्ट तिन्ही वाटांवर भेटते. दम लवकर परत येतो. काही आठवड्यांत छाती साथ द्यायला लागते. कंडरा आणि बारीक झालेली मांडी मात्र महिनोन् महिने मागून येत राहतात. त्यामुळे ‘आज खूप बरं वाटतंय’ हा दिवसच सर्वांत धोक्याचा.

आधी ट्रेनर. त्याची खरी किंमत सुरुवातीच्या दिवसांत कळते. पेडलचा एक पूर्ण फेरा मारायला गुडघा साधारण ११० अंश वाकावा लागतो. माझा तेवढा वाकत नव्हता. पहिल्या दिवशी पेडल वर जाऊन अडायचं, मी ते मागे आणायचो, पुन्हा पुढे. घड्याळाच्या लंबकासारखं दहा मिनिटं नुसतं इकडून तिकडे. पूर्ण फेरा आधी जमला तो उलटा, आणि सरळ फेरा त्यानंतर दोन दिवसांनी. हा खेळ रस्त्यावर करताच येत नाही. शिवाय दुखलं की त्या क्षणी उतरता येतं, घरापासून वीस किलोमीटरवर अडकायची भीती नाही.

पण स्मार्ट ट्रेनरचा ‘अर्ग’ मोड दुखऱ्या गुडघ्यासाठी बंद ठेवा. त्यात वॉट ठरलेले असतात. तुम्ही थकलात, कॅडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) घसरला, की तेवढेच वॉट पुरे करायला यंत्र भार वाढवतं. भार वाढला की कॅडन्स आणखी घसरतो. म्हणजे गुडघा दमलेला असतानाच त्याच्यावर सर्वांत जास्त जोर. साध्या रेझिस्टन्सवर, हलक्या गिअरमध्ये फिरवलेलं बरं. आणि ट्रेनर उतार शिकवत नाही, वळण शिकवत नाही, वाऱ्याचा झोत आल्यावर हँडल धरायला शिकवत नाही. सायकल जखडलेली असल्यामुळे बैठकही जास्त दुखते. तिथला एक तास मला बाहेरच्या दीड तासासारखा वाटायचा.

आता गिअर. या पर्यायाकडे सर्वांत कमी लोक वळतात, कारण त्यात थोडा अहंकार आडवा येतो. आकडे घेऊन बघू. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो, चढ ८ टक्के, वेग ताशी ८ किलोमीटर. याला साधारण १५० वॉट लागतात आणि त्यातून सुटका नाही. गिअर कोणताही असो, काम तेवढंच. फरक पडतो तो हे काम किती फेऱ्यांत वाटलं जातं याने. पुढच्या दातेरी चाकाला ३४ आणि मागच्याला २८ दात असतील तर या वेगाला कॅडन्स ५२ च्या आसपास पडतो. मागे ३४ लावले तर ६३. पुढे ३० आणि मागे ३४ असेल तर ७२. म्हणजे पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत येताना प्रत्येक फेऱ्याचा जोर पावपटीहून जास्त कमी होतो, वरती पोचायला मात्र तेवढाच वेळ लागतो. दोन तासांच्या चढात हजारो वेळा वाचलेला हा जोर गुडघ्याच्या वाटीमागे जाणवतो.

कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चाकांचा संच, बदलणं सोपं. अडचण डीरेल्युअरची, म्हणजे साखळी एका चाकावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाची: त्याला मागचं सर्वांत मोठं दातेरी चाक पेलवेल की नाही आणि साखळीची ढील तो खेचू शकेल की नाही, याला मर्यादा असते. साखळीही बहुधा लांब लागते. पुढची चेनरिंग (पेडलपाशी असलेलं दातेरी चाक) ३० दातांपर्यंत आणायची तर अनेकदा आख्खा क्रँकसेटच बदलावा लागतो. बदलताच आहात तर क्रँकची, म्हणजे पेडलच्या दांड्याची, लांबीही बघा. १७२.५ मिलिमीटरवरून १६५ वर आलात आणि सॅडल तेवढंच वर घेतलंत, तर पेडल सर्वांत वर असताना पाय आणि सॅडलमध्ये १५ मिलिमीटर जास्त जागा मिळते. गुडघा पुरता न वाकणाऱ्याला हे १५ मिलिमीटर म्हणजे खूप. तरफ आखूड झाल्यामुळे तेवढ्याच कामाला जोर मात्र चारेक टक्के जास्त लागतो, म्हणून आखूड क्रँक घ्यायचा तर हलका गिअर सोबत हवाच. एकटा क्रँक बदलून ‘काही फरक नाही’ म्हणणारे भेटतात, त्यांचं इथेच चुकलेलं असतं.

ई-बाईकला ‘फसवणूक’ म्हणणाऱ्यांशी वाद घालायचा माझा उत्साह संपला आहे. प्रश्न एवढाच की मोटर तुमचा जोर कमी करते का. पेडलवरचा दाब मोजणारा टॉर्क सेन्सर असेल तर तुम्ही जेवढं दाबाल त्या प्रमाणात मोटर साथ देते. हलकं दाबूनही सायकल वर सरकते आणि गुडघा शांत राहतो. फक्त पेडल फिरतंय की नाही एवढंच बघणाऱ्या स्वस्त सेन्सरवर मदत झटक्याने येते आणि झटक्याने जाते. अरुंद वळणावर, चढावर थांबून पुन्हा निघताना, हा झटका दुखऱ्या पायाला नको.

लांब अंतराचा हिशेब मात्र आधी करा. एकूण १०० किलो वजन १००० मीटर वर न्यायला नुसत्या उंचीचेच २७२ वॉट-तास लागतात. त्यातलं निम्मं काम मोटरने केलं, तर तिच्या आतली गळती धरून बॅटरीतले १७०-१८० जातात. म्हणजे ५०० वॉट-तासांची बॅटरी जपून वापरली तर मोठा दिवस निभावते. पूर्ण जोराच्या मोडवर, मोटर तीन-चतुर्थांश भार घेत असेल तर, १८०० मीटरच्या आसपास संपते. आणि ती चढावर संपली की वीस-बावीस किलोची सायकल तुमच्याच गुडघ्याने ओढायची. त्याच वजनामुळे उतारावर ब्रेक जास्त दाबावे लागतात, कॉलरबोनवाल्यांनी हे विसरू नये. सायकल जिन्यावरून उचलून न्यावी लागत असेल तर खांद्याचा निकाल तिथेच लागतो.

मग घ्यायचं काय? गुडघा अजून पुरता वाकत नसेल तर ट्रेनरच, दुसरा विचारही नको. वाकतो पण चढावर दुखतो, तर पैसे आधी गिअरवर घाला. ट्रेनर असेल तर आठवड्यातून दोनदा सोबत. पाठ किंवा नितंब फार वेळ बसल्याने अडत असेल तर ई-बाईक कामाची, कारण पाच तासांचा रस्ता साडेतीन-चार तासांत उरकतो. दुखापत कायमची काही कमी करून गेली असेल, उदाहरणार्थ गुडघ्यातली कूर्चा झिजली असेल, तर ई-बाईक हाच दीर्घकाळाचा पर्याय, आणि त्यात कमीपणा काही नाही.

मी गिअर निवडले. तरी दोन दिवस भाड्याने ई-बाईक घेतली होती, चढासाठी नव्हे, उतारासाठी. मी पडलो होतो तो उतारावरच, वळणावरच्या खडीवर घसरून. गुडघा बरा होत होता, पण पहिल्यांदा घाट उतरून खाली आलो तेव्हा बोटं ब्रेकवरून सुटेनात. एकेक करून उघडावी लागली. ई-बाईकवर तोच छोटा उतार मी एका सकाळी सहा वेळा उतरलो, वर जायला पाय खर्ची न घालता. सहाव्या वेळेला खांदे कानाला चिकटलेले नव्हते. भीती घालवायला मोटरचा असा उपयोग होईल, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

लोक व्यावसायिक सायकलपटूंची उदाहरणं देतात तेव्हा सावध राहा. योनास विंगेगार्ड एप्रिल २०२४ मध्ये पडला, कॉलरबोन आणि बरगड्या मोडल्या, फुप्फुसाला इजा झाली, आणि जुलैत तो टूर द फ्रान्समध्ये दुसरा आला. क्रिस फ्रूम जून २०१९ मध्ये पडला, मांडीचं हाड मोडलं, फेब्रुवारी २०२० मध्ये शर्यतीत परतला. पण जुनी धार पुन्हा दिसली नाही. दोघांच्याही दिमतीला डॉक्टरांचा ताफा होता. यातून आपला वेळ ठरवता येत नाही.

आपला वेळ ठरवायला मी जिना वापरतो. चढाई केल्याच्या दुसऱ्या सकाळी जिना उतरताना गुडघा नेहमीपेक्षा जास्त दुखला, तर पुढची फेरी आधीच्यापेक्षा लहान. नेहमीइतकाच असेल तर तेवढीच पुन्हा, आणि असे दोन आठवडे नीट गेले की मगच थोडी वाढ. वाढवताना अंतर आणि चढाई एकदम वाढवायची नाही, दोन्हींपैकी एकच. आणि पहिले काही घाट गोल फेरीचे नकोत. गोल फेरीत अर्ध्यावर दुखलं तरी पुढचा डोंगर पार केल्याशिवाय घर येत नाही. ज्या रस्त्याने चढलो त्याच रस्त्याने उतरायचं ठेवलं, तर कुठल्याही वळणावर सायकल फिरवता येते. मी पहिल्या महिन्यात चार वेळा फिरवली, त्यातली एकदा तर माथा समोर दिसत असताना.